वास रात्रीच येतो असं कोण म्हणतं?

खाडीवारा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:२०

शुक्रवारी रात्री दीडला पुन्हा तेच. आधी सडक्या अंड्यासारखा वास, मग जळक्या रबरासारखा. आम्ही नवी मुंबईत, कोपरखैरण्यात सहाव्या मजल्यावर. खिडक्या लावल्या, बाल्कनीच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबला आणि सोसायटीचा ग्रुप उघडला तर निम्मी बिल्डिंग जागी. कुणी हेल्पलाइनला फोन लावतंय, कुणी ट्विट करतंय, चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर माजी नगरसेवकालाच झोपेतून उठवलं. सकाळी म्हणे अधिकाऱ्यांची गाडी एक चक्कर मारून गेली.

यात नवं काही नाही, इथले सगळे जाणतात. धागा काढला तो आजच्या एका वाक्यामुळे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तुर्भे स्टोअरला राहतात. सहज विचारलं, "मावशी, शुक्रवारी तुमच्याकडेपण आला असेल ना वास?" भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "तो रात्रीचा तुमचा. आमचा दिवसाचा असतो."

मला कळेना. मग त्यांनी साडी जराशी वर करून पायातले पैंजण दाखवले. काळे ठिक्कर. चिंच लावून घासले की उजळतात, महिन्याभरात पुन्हा काळे. दुसरा जोड गावाला जालन्याला सासूकडे ठेवलाय, तो वर्षभर पडून असतो तरी लख्ख.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या एसीची तांब्याची कॉइल गेली, तीन वर्षांत दुसऱ्यांदा. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, इथली हवाच तांबं खाते. मी कंपनीला तीन ईमेल केले आणि वॉरंटीत नवी कॉइल मिळवली. त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

तर प्रश्न असा. दिघा, यादवनगर, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर या सगळ्या झोपडवस्त्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेलाच कशा? कारखानेही तिकडेच. आणि सेक्टर नंबरवाले आम्ही सगळे पश्चिमेला. हा योगायोग आहे का?

निवृत्त_ऑपरेटर | सोमवार, रात्री ११:०५

मावशी बरोबर सांगतात. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे इथल्या एमआयडीसीत, एकतीस वर्षं शिफ्ट केल्या, त्यामुळे हा वारा मला पाठ आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला ठाण्याची खाडी, मग तुमचे सेक्टर, मग रेल्वे आणि ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे कारखाने आणि त्यांच्या पाठीला पारसिकचा डोंगर. दिवसा जमीन तापते, वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो. चिमणीतून निघालेलं सगळं डोंगराच्या पायथ्याला जाऊन आदळतं, पुढे जायला वाटच नाही. रात्री उलटं. डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाडीकडे घरंगळत येते. थंडीत तर वर ऊबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, वास वर जाऊच शकत नाही. तो तुमच्या सहाव्या मजल्यावर येतो.

म्हणजे दिवसपाळीचा धूर त्यांचा, रातपाळीचा तुमचा. फरक एवढाच की आरडाओरडा फक्त रातपाळीचा होतो.

अवांतर: "रात्री मुद्दाम सोडतात" ही अफवा सगळी खोटी नाही. स्क्रबर (बाहेर सोडायचा वायू धुऊन काढणारं यंत्र) चालवायचा म्हणजे ब्लोअरची वीज आली, कॉस्टिक आलं. मी ज्या एका ठिकाणी होतो तिथे रात्री बाराच्या पुढे ब्लोअर बंद ठेवायची तोंडी सूचना असायची. तोंडीच. लॉगबुकात तो चालूच असायचा, आणि ती नोंद मीच करायचो.

घोडबंदर | मंगळवार, सकाळी ८:१५

रात्री मुद्दाम सोडतात हे एकदाचं कुणीतरी कबूल केलं! काका, सलाम.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९:४०

भावना बाजूला ठेवून बोलूया का?

एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. पहिली वसाहत ठाण्यातली वागळे इस्टेट, पाठोपाठ टीटीसी. टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, खाडीपलीकडचा. कुणाच्या पलीकडचा? मुंबईच्या. नावातच उत्तर आहे. मुंबईत जागा महाग, इथे स्वस्त. खाडी जवळ म्हणून पाणी सोडायची सोय. रस्ता मुंबई-पुण्याला जोडलेला. सिडको आली १९७० मध्ये, म्हणजे शहर कारखान्यांच्या नंतर आलं. झोपडपट्टी तर त्याहून नंतर. मजूर कामामागे आले, भाडं परवडेल तिथे राहिले. कारखानदाराने गरीब शोधून त्यांच्या उशाशी चिमणी बांधली असं चित्र रंगवायचं कारण नाही. स्वस्त जमिनीवर दोघेही आले, एवढंच.

पावणेकर | मंगळवार, सकाळी १०:३०

हिशेबनीस साहेब, "स्वस्त जमीन" म्हणजे मोकळी जमीन नव्हे. ती आमची होती.

दिघा, रबाळे, गोठिवली, महापे, पावणे, तुर्भे ही गावं तुमच्या एमआयडीसीच्या आधीची. वरच्या अंगाला भातशेती, खाली खारजमीन, मिठागरं. आजोबा खाडीत पाग टाकायचे. बोईट, निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा. आजी सांगायची, पाहुणा दारात दिसला की चुलीवर आधण ठेवायचं आणि पोराला खाडीवर पिटाळायचं, आधणाला उकळी फुटेपर्यंत मासळी घरात. आज त्याच खाडीतली कोळंबी मी स्वतः खात नाही. विकणाऱ्याला विचारा, तोही "ही अलिबागची" म्हणून विकतो.

जमीन स्वस्त होती कारण ती आगरी-कोळ्यांची होती आणि भाव ठरवणारा दुसराच होता. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे सिडकोच्या संपादनात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व पुढे आलं. पाच जीव गेल्यावर तीच जमीन एकाएकी महाग कशी झाली, हेही तुमच्या हिशेबात बसवा.

दिवा_लोकल | मंगळवार, सकाळी १०:५२

+१. आमच्याकडे तर कारखानाही नाही. वर्षानुवर्षं ठाणे शहराचा कचरा दिव्यात. डम्पिंग बंद झालं २०२३ ला. कारण तुम्हीच ओळखा, तोपर्यंत आजूबाजूला मतदार किती वाढले होते ते बघा.

तुर्भे_स्टोअर | मंगळवार, दुपारी १:१०

एरवी फक्त वाचतो. आज लिहितोय कारण माझ्या वस्तीचं नाव धाग्यात आलं.

वडील ७२ च्या दुष्काळानंतर बुलढाण्याहून आले. आधी दगडखाणीवर, मग एका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडे. "मजूर कामामागे आले आणि भाडं परवडेल तिथे राहिले" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यात एक पायरी गाळली आहे. कारखान्याला प्लॉट आखला, रस्ता आखला, पाण्याची लाईन आखली. रोजंदारीच्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, तेवढंच आखलं नाही. मग तो भिंतीला लागून राहिला. भिंत कंपनीची, पत्रा आमचा.

लहानपणी पिंपावर झाकण नसलं की सकाळी पाण्यावर साय धरायची. ज्या दिवशी लाल, त्या दिवशी वडिलांच्या कंपनीत लाल माल. पिवळी असली की आई म्हणायची, आज शेजारच्या कंपनीचं काम जोरात दिसतंय. आम्ही ती साय वाटीने बाजूला सारून पाणी भरायचो. तक्रार? कुणाकडे? वडील तिथेच कामाला. ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. आणि घर? झोपडी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीची आहे याचा कागद असेल तर तुम्ही संरक्षित, नसेल तर तुमचं तोंड बंद असलेलंच बरं. वासाची तक्रार करायला गेलेला माणूस स्वतःचा पत्ता सांगतो, आणि आमच्याकडे पत्ता हाच गुन्हा असायचा.

मी आता ऐरोलीत आयटीत आहे. ती बिल्डिंगही एमआयडीसीच्याच जमिनीवर. फरक हा की तिथली हवा गाळून आत घेतात.

खाडीवारा ताई, राग मानू नका. मावशींचे पैंजण तुम्हाला आज दिसले कारण तुमची कॉइल गेली.

खाडीवारा | मंगळवार, दुपारी २:००

राग नाही. खरं आहे ते.

डोंबिवलीकर_पूर्व | मंगळवार, रात्री ९:१५

आमच्याकडे २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री येऊन बघून गेले. मे २०१६ मध्ये स्फोट, मे २०२४ मध्ये पुन्हा स्फोट, दोन्ही वेळा दहाच्या वर माणसं गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात डोंबिवली ७८.४१ आणि तुमची नवी मुंबई ७३.७७. सत्तरच्या वर गेलं की "अतिप्रदूषित". जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या होत्या, पुढे ती बंदी उठली.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. स्फोटानंतर आमच्या भागात एकच मागणी: धोकादायक कंपन्या इथून हलवा. मीही सही केली. सरकारकडून उत्तर आलं, पाताळगंगेला हलवू. टाळ्या. त्या रात्री बायकोने विचारलं, "पाताळगंगेला कोण राहतं?" मला उत्तर येईना. नकाशा उघडला. खालापूर तालुका, रसायनीच्या शेजारी, आजूबाजूला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या.

माझी सही अजून त्या अर्जावर आहे. काढावी का? घर त्या कंपनीपासून चारशे मीटरवर आहे आणि मुलगी आठवीत. नाही काढणार. पण मी बाधित आहे एवढंच मला वाटत होतं, आणखी कुणाला बाधित करायची ताकदही माझ्या सहीत आहे हे त्या रात्री कळलं.

घोडबंदर | मंगळवार, रात्री १०:३०

हे वाचून गप्प बसवेना. आम्ही कोलशेतला टॉवरमध्ये राहतो. शेजारी सँडोज बाग, नावच कारखान्याचं. हा सगळा पट्टा रसायन आणि औषध कंपन्यांचा होता. आता क्लबहाऊस, जलतरण तलाव, "निसर्गाच्या कुशीत". माझ्या मुलांना इथे कधी कंपनी होती हेही माहीत नाही. आम्ही आलो आणि चिमण्या गेल्या. आजवर मला वाटायचं ठाणे सुधारलं.

निवृत्त_ऑपरेटर | मंगळवार, रात्री ११:२०

चिमण्या उडून गेल्या नाहीत हो, ट्रकमधून गेल्या. माझा धाकटा भाऊ त्या बाजूच्या एका कंपनीत होता. ठाण्याची जमीन विकली, त्या पैशात लांब नवा प्लांट उभा राहिला, वर शिल्लकही राहिली असणार. मशीन सुटी करून रंग मारून नेली. भावाला विचारलं, येतोस का? त्याची बायको ठाण्यात नोकरीला, तो कशाला जातो? स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिकडे नवीन मुलं घेतली, निम्म्या पगारात, ठेकेदारामार्फत.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७:५०

रात्रभर विचार केला. माझ्या पहिल्या प्रतिसादात एक चलाखी होती, माझ्याही लक्षात न आलेली. "जमीन स्वस्त" हे मी कारण म्हणून दिलं, पण जमीन स्वस्त का हे विचारलं नाही.

अर्थशास्त्र शिकवतो म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर १९९१ मध्ये लॉरेन्स समर्स जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. त्यांच्या सहीचं एक अंतर्गत टिपण फुटलं. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: प्रदूषणाने माणूस आजारी पडला किंवा मेला तर बुडते ती त्याची मजुरी, म्हणून जिथे मजुरी सर्वात कमी, तिथे घाण नेणं हिशेबाला धरून आहे. गदारोळ झाल्यावर ते उपरोधाने लिहिलं होतं असा खुलासा आला. उपरोध असेलही, पण माझ्या पहिल्या प्रतिसादात तोच हिशेब होता, तोही उपरोधाशिवाय.

"आधी कोण आलं" हा वाद अमेरिकेतही झालाय. मॅन्युएल पास्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याची १९७० ते १९९० ची आकडेवारी तपासली. लोक घाणीकडे राहायला गेले, त्यापेक्षा घाण त्या लोकांच्या वस्तीत आणून टाकली गेली, याचा पुरावा जास्त भक्कम निघाला. तिथे ते लोक म्हणजे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. आपल्याकडे जातीचं नाव घेतलं की धागा भरकटतो, म्हणून घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

पावणेकर | बुधवार, सकाळी ८:१०

घ्या की नाव. धागा भरकटला तर भरकटू द्या. खाडीकाठी आगरी-कोळी, डोंगराच्या पायथ्याला बौद्ध, मातंग, बंजारा आणि उत्तरेकडून आलेले. सेक्टरमध्ये कोण, ते तुम्ही सांगा.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:४५

बरोबर. मी कच खाल्ली.

मग आणखी एक ऐका. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळाने सेरेल असोसिएट्स या सल्लागार कंपनीकडून अहवाल करून घेतला. प्रश्न सरळ होता: कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प कुठे टाकले तर लोकांचा विरोध सर्वात कमी होईल? उत्तरही सरळ: कमी उत्पन्न, कमी शिक्षण, वय जास्त, अशा वस्तीत. म्हणजे जमिनीच्या भावासोबत विरोधाचाही भाव काढला होता. जेम्स बॉइस नावाचे अर्थतज्ज्ञ १९९४ पासून याच्या पुढचं मांडतात. ज्यांना प्रदूषणाचा फायदा होतो आणि ज्यांना ते सोसावं लागतं, यांच्यात ताकदीची दरी जितकी मोठी, तितकं एकूण प्रदूषणही जास्त. म्हणजे विषमतेने घाण फक्त गरिबाच्या दारात सरकते असं नाही, ती वाढतेही. कारण फिल्टर बसवायला भाग पाडेल असं कुणी समोर उभंच नसतं.

काकांच्या ब्लोअरचं तेच नाही का? दिवसा डोंगराकडच्या वस्तीसाठी कुणी तो चालू ठेवला असता?

निवृत्त_ऑपरेटर | बुधवार, सकाळी ९:३०

दिवसा चालू असायचा. साहेब यायचे ना गेटने आत.

तुर्भे_स्टोअर | बुधवार, सकाळी ११:००

:)

मुंबईत चेंबूरजवळचं माहुल विसरू नका. तिथे तर कारखाना लोकांकडे गेलाच नाही. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून लोकांनाच रिफायनऱ्यांच्या शेजारच्या इमारतींत नेऊन ठेवलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे राहायची सक्ती नको, दुसरं घर द्या नाहीतर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या. कागदावर ते "पुनर्वसन" होतं.

आणि कायद्यातली एक वाट. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत नव्या प्रकल्पाला जनसुनावणी आहे. पण मंजूर औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतला प्रकल्प असेल तर त्यातून सूट. म्हणजे वसाहतीबाहेरच्या प्रकल्पाला लोक सभेत उभे राहून नाही म्हणू शकतात. तळोज्यात किंवा पावण्यात नवा प्लांट येतो तेव्हा आमची सभाच भरत नाही.

दिवा_लोकल | बुधवार, सकाळी ११:२०

तळोजा म्हटलं की कंपनीच्या रंगाने निळी झालेली कुत्री! २०१७ चा ऑगस्ट. फोटो जगभर फिरले, कारवाई लगेच. कासाडी नदीकाठचे मासेमार त्याच्या कितीतरी आधीपासून बोंबलत होते. त्यांनीही निळं व्हायला हवं होतं.

पावणेकर | बुधवार, दुपारी १२:०५

आणि रोहित पक्षी. ठाणे खाडीला २०१५ ला अभयारण्य, २०२२ ला रामसर (पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा). चांगलंच झालं. पक्षीवाले सांगतात, खाडीत सांडपाणी वाढलं, त्याने शेवाळ वाढलं, म्हणून ते इतके येतात. आमचा जिताडा गेला त्याच पाण्याने. आता ऐरोलीहून बोट सुटते, लोक तिकीट काढून पक्षी बघतात. माझा चुलतभाऊ ती बोट चालवतो. पागापेक्षा बरे मिळतात म्हणतो.

खाडीवारा | शनिवार, रात्री ९:४५

धागा वर आणतेय, कारण एक प्रयोग केला.

तुर्भे_स्टोअर दादांशी व्यनितून (खाजगी निरोपातून) बोलले, मग मावशींशी. ठरलं असं की दिवसाची नोंद ठेवायची. मावशींच्या मुलीने, ती बारावीला आहे, वहीत लिहिलं: बुधवार दुपारी ३:१५, अंड्यासारखा, डोळे चुरचुरले. गुरुवार ११:४०, गोडसर, डोकं दुखलं. गुरुवार ४:०५, पुन्हा अंडं. शुक्रवार २:५०, आजीला उलटी.

शुक्रवारी तीनला तिने मला फोन केला. म्हटलं ज्या अॅपवर आम्ही रात्री तक्रार करतो त्यावरच टाकूया, तिच्याच नावाने. नाव टाकलं, मोबाइल टाकला. पत्त्यात नोड निवडा, सेक्टर निवडा, इमारत टाका. सेक्टर निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. "इतर" असा पर्यायच नाही. वीस मिनिटं झटापट केली, शेवटी माझाच सेक्टर टाकला आणि खाली शेऱ्यात ठळक लिहिलं: वास तुर्भे स्टोअर येथे आहे, कृपया तिथे यावे.

निवृत्त_ऑपरेटर | शनिवार, रात्री १०:१०

मग गाडी तुमच्याकडे आली असणार.

खाडीवारा | शनिवार, रात्री १०:१४

आली ना. तासाभरात, आमच्या गेटवर. मी ऑफिसात होते. वॉचमनला विचारलं, वास येतोय का? तो म्हणाला नाही. त्याची सही घेतली आणि तक्रार बंद.